परसातला फणस आणि भाऊजींचा फोन

गेल्या आठवड्यात डोंबिवलीहून भाऊजींचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली, आंब्याच्या भावाबद्दल बोलून झालं, आणि मग जरा घुटमळत म्हणाले, "वहिनी, यंदा पावसाच्या आधी परसातला तो फणस काढून टाकूया का? त्या वादळात आंबा पडला तेव्हा थोडक्यात वाचलात. आता घरात तुम्ही दोघंच. आम्हाला इथे झोप लागत नाही."

"विचार करून कळवते," म्हटलं. फोन ठेवला आणि मागच्या दारी जाऊन त्या फणसाकडे बघत बसले.

बत्तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. मुलं सनावळी धडाधडा म्हणायची. पानिपत कधी? १४ जानेवारी १७६१. मी विचारायची, बाळांनो, एवढी मोठी फौज काय एका दिवसात हरली? आधीच्या वर्षभरात काय झालं, रसद कुठे तुटली, सोबत कोण नव्हतं, ते सांगा. त्या दिवशी फक्त निकाल लागला.

आमच्या परसातल्या आंब्याचंही तेच. तो पडला ३ जून २०२० ला, 'निसर्ग' चक्रीवादळात. ही झाली सनावळी. पण तो का पडला आणि त्याच्यापासून पंचवीस-तीस पावलांवरचा फणस का राहिला, हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल. भाऊजींना उत्तर द्यायच्या आधी म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं. नातेवाईक मंडळी हे वाचतातच, त्यांनाही कळेल.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्राकाठच्या गावात. पुढे रस्ता, मागे परस, परसामागे आगर आणि आगरापलीकडे पुळण नि समुद्र. माजघराच्या तुळईवर शके १८३७ कोरलेलं आहे, म्हणजे १९१५ साल. घर बांधलं त्याच वर्षी आजेसासऱ्यांनी मागच्या दारी रायवळ आंब्याची कोय पुरली आणि थोड्या अंतरावर फणसाची आठळी, असं सासूबाई सांगत. कलम नव्हे हो, कोय. कलमं करण्याची विद्या पोर्तुगीजांनी गोव्यात आणली आणि त्यातून आपला हापूस झाला, त्याच्या नावातही तो अफोंसो द अल्बुकर्क अजून बसलेला आहे. पण घराजवळच्या झाडाला जुनी माणसं कोयच पसंत करीत. जागच्या जागी रुजलेल्या कोयीचं सोटमूळ सरळ खाली जातं, जांभ्यात फट मिळाली तर फटीत शिरतं. पिशवीत वाढवलेल्या रोपाचं मूळ बहुधा पिशवीच्या तळाशीच वेटोळं घालून बसतं.

१९७२ साली मी लग्न होऊन या घरात आले. (दापोलीचं कृषी विद्यापीठ त्याच वर्षी सुरू झालं. मामंजी म्हणायचे, तालुक्यात यंदा दोन शिकलेल्या गोष्टी आल्या! :-)) पहिल्याच मे महिन्यात मामंजींनी मला आगर हिंडून दाखवलं. समुद्राच्या बाजूला उंडी, करंज आणि भेंडीची दाट रांग, मध्ये केवड्याची बेटं. त्यांच्या आत माड, माडांच्या सावलीत पोफळी, आणि सगळ्यात आत, घराशेजारी, आंबा-फणस. मला तेव्हा ते नुसतं रान वाटलं होतं. मामंजी म्हणाले, "वाऱ्याला एकदम आत घ्यायचं नाही. पाहुण्यासारखं आधी अंगणात, मग ओटीवर, मग माजघरात."

वाऱ्याशी मामंजींची जुनी ओळख होती. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला चक्रीवादळाने झोडपलं तेव्हा ते गिरगावात बिऱ्हाड करून होते. रस्त्यावर आडवी झालेली झाडं त्यांनी पाहिली होती. एकटं उभं राहिलेलं झाड आधी पडतं, हे त्यांचं तेव्हापासूनचं मत.

गंमत म्हणजे हेच मत मी अलीकडे पुन्हा ऐकलं, ते माझ्या भाचीकडून. ती फ्लोरिडात टॅम्पाला असते. तिथेही आपल्यासारखीच दमट हवा, रेताड जमीन आणि वादळं तर आपल्यापेक्षा फार. तिथल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या लोकांनी १९९२ च्या अँड्र्यू वादळापासून २००४-०५ च्या वादळांपर्यंत कुठली झाडं पडली, कुठली राहिली याची पाहणी केली. घोळक्यात वाढलेली झाडं एकट्यादुकट्यापेक्षा जास्त टिकली. नीट छाटणी झालेली जास्त टिकली. आणि ज्यांच्या मुळांना पसरायला मोकळी जमीन होती ती जास्त टिकली. भाचीने फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा मला आगरातले मामंजी आठवले.

आता थोडं इतिहासाकडे वळते, कारण त्याचा संबंध पुढे येणार आहे.

आंबा-फणस तोडू नयेत, ही झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, अशा अर्थाचा मजकूर शिवजयंतीच्या भाषणांत महाराजांचं पत्र म्हणून हमखास ऐकायला मिळतो. शाळेत असताना मी दर वर्षी मुलांना सांगायची की हा मजकूर 'आज्ञापत्रा'तला आहे, आणि ते रामचंद्रपंत अमात्यांनी महाराजांच्या पश्चात, १७१५ च्या सुमारास लिहिलं. पंत महाराजांच्या हाताखाली वाढलेले, त्यामुळे धोरण महाराजांचंच असणार. पण कागद पंतांचा. तो विषय आहे आरमाराचा. जहाजांना लाकूड लागतं, ते कुठून आणावं? आंबे-फणसांचं लाकूडही आरमाराच्या कामाचं, पण त्याला हात लावायचा नाही. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. ती जबरदस्तीने तोडली तर रयतेच्या दुःखाला पारावार राहणार नाही. भाषणं इथे संपतात. आज्ञापत्र मात्र पुढेही बोलतं. एखादं झाड फारच जीर्ण होऊन उपयोगाचं राहिलं नसेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं.

म्हणजे झाड कधीच तोडू नये असं काही पंत म्हणत नाहीत. ते दोनच गोष्टी विचारतात. झाड खरोखर जीर्ण आहे का? आणि धनी राजी आहे का? आजचा कायदाही फारसा वेगळा नाही. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात आंबा आणि फणस दोन्ही आहेत. स्वतःच्या परसातला असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. पण ते झाड जीर्ण आहे की आपणच त्याला जीर्ण केलं, हा प्रश्न ना पंतांनी विचारला, ना कायद्याने. तो मी विचारणार आहे, कारण उत्तर मला माहीत आहे.

आमच्या आंब्याचं काय काय झालं ते क्रमाने सांगते.

घरात वीज आली. तार परसावरून गेली. मग दर मे महिन्यात तारेखालच्या फांद्या तोडायला माणसं येऊ लागली. कोयता चालेल तिथून तोडायची, खुंट तसाच ठेवायचा. पाच-सात वर्षांत आंबा एका बाजूने बोडका आणि दुसऱ्या बाजूने भरगच्च झाला. तोडलेल्या खुंटावर पुढच्या वर्षी झाडूसारखे कोंब फुटत. आम्हाला वाटायचं, वा, झाड किती जोमात आहे! ते कोंब फांदीच्या गाभ्यातून आलेले नसतात, सालीखाली वरवर चिकटलेले असतात आणि वाऱ्यात तेच आधी मोडतात, हे कुणाला ठाऊक होतं?

१९८५ साली रहाट गेला आणि पंप आला. आगर शिपायला पाट लागेनात, नळी आली. नळीसाठी चर खणला तो बुंध्याला घासून.

१९९८ साली वाटणी झाली. परस आमच्याकडे, मागचं आगर भाऊजींकडे. भांडण काही नव्हतं, पण वाटणी म्हटली की हद्द आली. आधी तिथे गडगा होता. गडग्याला पाया नसतो, दगडावर दगड. मुळं त्याच्याखालून खुशाल जात. आता पक्की भिंत घालायची ठरली, चिऱ्यांची, सिमेंटात. त्याचा पाया आंब्याच्या पश्चिमेला, बुंध्यापासून चार हातांवरून गेला. गवंड्याने मला विचारलं होतं, "बाई, मांडीएवढं मूळ आडवं आलंय, काय करू?" हे शाळेच्या कामाला दापोलीला गेले होते. मीच म्हटलं, "काप."

मंडळी, हे वाक्य लिहायला मला पाचएक वर्षं लागली.

त्या वेळी आमची समजूत अशी की झाडाची मुळं खोल असतात, वरचं एखादं मूळ गेलं तर काय बिघडतं? प्रत्यक्षात सोटमूळ सोडलं तर झाडाची बहुतेक मुळं वरच्या हात-दीड हात मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडे जातात. आमच्याकडे खाली जांभा, त्यामुळे माती आणखीच उथळ. आणि वारा पश्चिमेचा. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूची मुळं दोरखंडासारखी झाडाला ओढून धरतात. मी नेमके तेच दोरखंड कापायला सांगितले होते.

२००८ साली नातवंडांना खेळायला बरं म्हणून परसात बुंध्यापर्यंत फरशा बसवल्या. मुळांचं हवापाणी तुटलं. ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' आलं, त्यात एक मोठी फांदी पिळवटून मोडली. तिथे ढोली पडली. पाणी साचू नये म्हणून आम्ही ती सिमेंटने भरून घेतली, वर डांबर फासलं. अगदी प्रेमाने केलं हो!

या सिमेंटचाही इतिहास आहे. अमेरिकेत जॉन डेव्ही नावाच्या गृहस्थाने १९०१ साली 'ट्री डॉक्टर' नावाचं पुस्तक काढलं. दाताची कीड साफ करून दात भरावा तशी झाडाची ढोली साफ करून भरायची, ही रीत त्या काळात तिथे फार चालली. मग पुढे अ‍ॅलेक्स शायगो नावाचा संशोधक आला. तो तिथल्या वनखात्यात होता. त्याने करवतयंत्राने झाडं उभी चिरून आत काय होतं ते पाहिलं. १९८६ साली त्याचं मोठं पुस्तक निघालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाची जखम भरून येते, झाडाची येत नाही. झाड जखमेभोवती आतून भिंती घालतं आणि कुजणं तिथेच कोंडून टाकतं. वरून नवं लाकूड चढवत राहतं. ढोली साफ करण्याच्या नादात आपण नेमक्या त्याच भिंती खरवडून काढतो. वर सिमेंट भरलं की झाड वाऱ्याने हलतं, सिमेंट हलत नाही, मधल्या फटीत पाणी जातं. डांबराने बाहेरून घाव झाकला जातो, आतलं कुजणं थांबत नाही. वरून सगळं छान दिसतं.

आणि मग ३ जून २०२०. टाळेबंदीचे दिवस. सकाळपासून वारा होता. दुपारी वादळ आमच्या उत्तरेला दिवेआगरजवळ किनाऱ्यावर चढलं आणि आमच्याकडे पश्चिमेचा वारा असा काही सुटला की माडांचे शेंडे जमिनीला टेकायचे राहिले. आम्ही दोघं माजघरात बसलो होतो. आवाज आला तो मोडण्याचा नव्हे, एखादी जाड सतरंजी फाडावी तसा. आंबा पूर्वेला कलला आणि मागच्या पडवीवर आडवा झाला. कौलं, वासे, चूल, सगळं त्याच्याखाली. माजघराची भिंत राहिली म्हणून आज लिहिते आहे.

वारा पडल्यावर आम्ही बाहेर आलो. भाऊजींच्या आगरातले एकोणीस माड आडवे होते, पोफळींची तर मोजदादच नको. त्यातलेच तीन माड भिंतीवर पडून भिंतही भुईसपाट झाली होती. मी आंब्याच्या उपटलेल्या बुडाशी गेले. पूर्वेकडे मुळांचं जंजाळ मातीसकट उभं होतं. पश्चिमेकडे एका सरळ रेषेत कापलेले, काळे पडलेले, बोटाने भुगा व्हावा असे खुंट. भिंतीच्या पायाची ती रेषा होती. बावीस वर्षांनी मी माझ्या एका शब्दाचा कागद वाचत होते.

पुढे पंचनामे झाले. सरकारने बागांना हेक्टरी पन्नास हजारांची मदत जाहीर केली. आमच्याकडे हेक्टर कुणाकडे? गुंठ्यांचा हिशोब! परसातल्या झाडाला तर रकानाच नव्हता. असो.

आता फणसाकडे येते. तो परसाच्या उत्तर टोकाला आहे. तारेपासून लांब, म्हणून कुणी बोडका केला नाही. भिंत तिथपर्यंत पोचली नव्हती, पैसे संपले म्हणून! फरशाही तिथे नव्हत्या. त्याच्या पश्चिमेला उंडीची दोन जुनी झाडं आणि एक कोकम. म्हणजे आमच्या हातून तो जेवढा सुटला तेवढाच वादळातूनही सुटला. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' किनाऱ्याला समांतर गेलं, तेव्हाही त्याची एक वाळकी फांदी तेवढी पडली.

'निसर्ग'नंतर मी त्याची निगा घ्यायला शिकले. भाऊजी, हे खास तुमच्यासाठी.

दर वर्षी पाडव्यानंतर मी त्याच्याभोवती फिरते. बुंध्याशी लाकडासारखी कडक अळंबी उगवली आहेत का, कारण ती आली की समजावं मुळं कुजताहेत. एका बाजूची माती फुगली किंवा तडकली आहे का. झाड गेल्या वर्षीपेक्षा जास्त कललं आहे का. त्यासाठी कोपऱ्यावरून दर वर्षी त्याच जागेवरून फोटो काढते. लाकडी मोगरीने खोड ठोकून आवाज ऐकते, भरीव की पोकळ. बांडगूळ दिसलं की फळ धरायच्या आत फांदीच्या ज्या भागात ते रुतलंय त्यासकट काढून घेते. फणसाला पायाशी पाणी मुळीच सोसत नाही, म्हणून पागोळ्यांचं पाणी चराने दुसरीकडे वळवलं आहे, मात्र चर मुळांपासून लांबून. पालापाचोळा जाळत नाही, घेराखाली पसरते, पण खोडाला टेकू देत नाही.

मेलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या पावसाआधी काढायच्या, त्याही तीन घावांत. आधी खोडापासून वीतभर पुढे खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून. फांदी साल न सोलता खाली येते. मग उरलेला खुंट काढायचा, तो खोडाशी फांदी जुळते तिथल्या फुगीर वळीच्या बाहेरून. ती वळी कापायची नाही आणि खुंटही ठेवायचा नाही. झाड आपली भिंत तिथूनच घालतं. बोर्डो पेस्ट मी लावते, आपल्या हवेत बुरशी फार म्हणून. पण ती लावल्याने चुकीचा घाव बरोबर होत नाही. आणि "शेंडा मारून हलका करा" म्हणणाऱ्याला चहा देऊन परत पाठवते.

पडलेली भिंत आम्ही पुन्हा बांधली नाही. तुम्हीही कधी विषय काढला नाहीत. तिथे आता करवंदी आणि जास्वंदीचं कुंपण आहे. हद्द दिसते आणि मुळं जातात.

तर भाऊजी, उत्तर असं. फणस आज जीर्ण नाही. स्वयंपाकघराकडे झुकलेली एक फांदी आहे, तिची मलाही भीती वाटते. ती या वैशाखात माणूस बोलावून दोन वर्षांत दोन टप्प्यांनी कमी करते. पण उद्या बुंध्याशी ती अळंबी दिसली किंवा माती तडकली, तर मी हट्ट धरणार नाही. शंभर वर्षांचं झाड माझ्या आग्रहापायी कुणाच्या अंगावर पडलं तर आजेसासऱ्यांना तोंड दाखवता येणार नाही. तेव्हा परवानगीचा अर्ज मीच लिहीन. वाटणीपत्रात फळं निम्मी-निम्मी आहेत, म्हणजे धनी आपण दोघं. पंतांनी सांगितल्याप्रमाणे दोघांच्याही संतोषाने व्हायला हवं.

आंबा होता त्या जागी पावसात मी त्याचीच एक कोय पुरली. वादळाच्या आदल्या दिवशी उतरवलेल्या अढीतली होती, पण ते रोप जगलं नाही. दुसरी कोय शेजारच्या वाडीतून मागून आणली, ती धरली. आता माझ्या डोक्याच्या वर गेली आहे. तारेच्या बाजूला नाही, फरशा उखडल्या आहेत. तिचा आंबा खायला मी नसेन, ते ठीक आहे. आजेसासऱ्यांनी तरी किती खाल्ले?

काल रात्री हे सगळं भाऊजींना फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहिनी, ते मूळ कापलं तेव्हा भिंत पक्कीच हवी हा आग्रह माझा होता."

वैशाखात येतो म्हणाले आहेत, धाकट्या नातवाला घेऊन. फणस आमचा बरका, आणि भाऊजींना लागतो कापा. त्यावरून पन्नास वर्षं त्यांची कुरकुर चालू आहे. पण सांदणं बरक्याचीच होतात हे त्यांनाही ठाऊक आहे. मोगरी काढून ठेवली आहे. या खेपेला खोड त्यांनीच ठोकून बघावं.